खाणाऱ्याशेजारी बांधलेला मासा

लातूरला समुद्र नाही, हे लोक मला अजूनही समजावून सांगतात. रिक्षावाल्यांनी सांगितलं, शेजारणींनी सांगितलं, सोयरिकीच्या बैठकीत माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनीही सांगितलं.

"पोरगी काय करती?" त्यांनी विचारलं.

"खाऱ्या पाण्यातले मासे सांभाळती," मामा म्हणाला.

"कुठं?"

"इथंच, लातुरात."

सासऱ्यांनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि मामाच्या कानाशी लागून, पण मला ऐकू येईल असं म्हणाले, "पोरगी चांगली हाय. पण जरा कुणाला तरी दाखवून घ्या."

लग्न झालं. मासेही राहिले. लातूर आणि नांदेड या दोन गावांत मिळून माझ्या हाताखालून गेलेल्या समुद्राच्या टाक्या बऱ्याच आहेत, आणि त्यातल्या बहुतेक आजही चालू आहेत. संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हटल्यावर कुठल्या टाकीबद्दल लिहावं याचा फार विचार करावा लागला नाही. एका फुलपाखरू माशाबद्दल लिहिते. पण आधी हे काम काय असतं ते सांगायला हवं.

काचेच्या टाकीत आरओचं पाणी भरायचं. समुद्री माशांसाठी तयार मीठ मिळतं, ते त्यात कालवायचं, खारटपणा मोजायचा. दगड रचायचे, पंप लावायचे, आणि मग महिना-दीड महिना काहीच करायचं नाही. दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू धरेपर्यंत ते पाणी माशांच्या लायकीचं होत नाही. हे काहीच न करण्याचं काम गिऱ्हाइकाला सगळ्यात जड जातं. नांदेडच्या एका कापडवाल्यांना मी मीठ कमी पडलं तर फोन करा म्हणून सांगितलं होतं. त्यांनी घरातलं खडेमीठ ओतलं, आणि मग फोन करून विचारलं, "मॅडम, मीठ टाकलंय. हळद किती टाकू?"

पाण्याचा प्रश्न लोक विचारतात, आणि लातुरात तो विचारलाच पाहिजे. एकदा भरलेलं पाणी आम्ही वर्षानुवर्षं वापरतो, थोडं थोडंच बदलतो. आरओतून वाया जाणारं पाणी फरशीला आणि झाडांना जातं. ज्या उन्हाळ्यात टँकरसमोर रांगा लागल्या, त्या उन्हाळ्यात मी नवी टाकी भरली नाही.

दगड रचण्यात मात्र माझा हात कुणी धरू नये. आमचं गाव किल्लारीजवळचं. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं. भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. वडील आणि जोडीतला एक बैल त्यात गेले. त्यावर मी जास्त लिहीत नाही. पण टाकीत दगड लावताना मी वाळूवर दगड ठेवत नाही. आधी काचेवर बसवते, प्रत्येक दगड हलवून बघते, मग भोवतीनं वाळू टाकते. गिऱ्हाईक म्हणतं, "राहू द्या की मॅडम, पाण्यात कशाला पडतंय ते." मी राहू देत नाही.

पुढं मी शिकले ती मायच्या आणि परक्या माणसांच्या जिवावर. लातूरच्या वसतिगृहात जागा मिळाली. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या मॅडमनी प्रयोगशाळेतली गप्पी माशांची टाकी माझ्या हवाली केली, आणि सुट्टीत गावी न जाता तिच्यापाशी बसायची परवानगीही दिली. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. मायनं पेढे वाटताना गावात सांगितलं, "पोरगी जनावरांचं शिकली." ते तिनं बरोबरच सांगितलं होतं. किती बरोबर, ते मला फार पुढं कळलं.

आता फुलपाखरू मासा. ताटलीसारखा चपटा, पिवळ्या-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा हा मासा इतका देखणा असतो की प्रवाळाची टाकी लागली रे लागली, मालकाला तोच हवा असतो. आणि प्रवाळाच्या टाकीत डोळे झाकून टाकू नये असा मासाही हाच. कारण प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. ते शेकडो इवल्या तोंडांचं एकत्र वसलेलं गाव असतं, आणि बऱ्याच फुलपाखरू माशांचं जेवण म्हणजे ती तोंडंच. दगडासारखं कडक वाढणारं प्रवाळ आपल्याकडं घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे, आणि कुणी कितीही गळ घातली तरी मी ते आणत नाही. टाकीत वाढवलेलं मऊ प्रवाळ लावते. ते तर या माशांना लोण्यासारखं.

नांदेडच्या एका डॉक्टरांनी मला न विचारता परस्पर चार फुलपाखरं मागवली. आठवड्यानं फोन आला. "मॅडम, प्रवाळ उघडतच नाही हो. मासे मात्र मजेत आहेत."

"मजेत असणारच डॉक्टर. पंगतीला बसलेत."

म्हणून निवड करताना मी रंग शेवटी बघते. पहिला प्रश्न, हा खातो काय? काही जाती प्रवाळाशिवाय काहीच खात नाहीत. दुकानात त्याच सगळ्यात सुंदर दिसतात, आणि कुठल्याही टाकीत उपाशी मरतात. त्या घेऊच नयेत. काही जाती सगळं खातात, म्हणजे प्रवाळही खातात. मग उरतात थोड्या. पाठीवर पांढरा त्रिकोण असलेला पिवळा मासा, आणि पाठीवर लांब पांढरी पताका असलेला थव्यानं फिरणारा मासा, हे दोघं पाण्यात वाहत येणारं बारीक खाद्य टिपतात, प्रवाळाच्या वाटेला सहसा जात नाहीत. पण त्या पताकावाल्याचा एक जुळा भाऊ आहे, तो प्रवाळ कुरतडतो. ओळखायची खूण इतकीच की थव्यात राहणाऱ्याचं तोंड जरा आखूड आणि पोटाखालच्या पराचा कोपरा टोकदार असतो. मी भिंग घेऊन बघते. दुकानदार हसतात, हसू देत.

आणि शेवटचा, लांब तोंडाचा. पांढऱ्या अंगावर तांब्याच्या रंगाचे उभे पट्टे, शेपटीकडं डोळ्यासारखा काळा ठिपका, आणि चिमट्यासारखं लांब तोंड. दगडाच्या फटीतले किडे टिपायला ते दिलेलं असतं. हा प्रवाळाला बहुधा त्रास देत नाही. पण सांभाळायला महाकठीण, कारण पकडून आणल्यावर हा खाणंच सोडतो.

याच माशावर एकदा माझी आणि एका गुरुजींची अब्रू अवलंबून राहिली.

लातूरच्या क्लासच्या भागात रसायनशास्त्र शिकवणारे एक सर आहेत. तेव्हा क्लासचा धंदा नुसता उसळला होता. त्या गल्लीत तळमजल्यांवर वर्ग, वरच्या मजल्यांवर पोरांच्या खोल्या, गच्चीवर पत्रे टाकून खानावळ, आणि उरलेल्या भिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. सरांनी हैदराबादला कुठल्याशा हॉटेलात प्रवाळाची टाकी बघितली आणि घराच्या हॉलमध्ये तशी लावून घेतली. वर्षभरात त्यांचा उत्साह ओसरला, बॅचेस वाढल्या. टाकी त्यांच्या वडिलांकडं आली.

हे वडील म्हणजे गुरुजी. देगलूरच्या शाळेत उभी हयात भूगोल शिकवून निवृत्त झालेले, पत्नी गेल्यावर मुलाकडं राहायला आलेले. पांढरा नेहरू शर्ट, खिशाला पेन. त्यांच्या बोलण्यात मराठी, उर्दू आणि तेलुगू एकाच ताटात असायची. माशाला ते तेलुगूत 'चेपा' म्हणायचे. टाकीतलं प्रवाळ पहिल्यांदा पूर्ण उघडलं त्या दिवशी मी तिथंच होते. गुरुजी खुर्ची ओढून काचेला नाक लावून बसले.

"पोरी, मी प्रवाळबेटाचा धडा किती वर्गांना शिकवला त्याचा हिशोब न्हाई. लाल खडूनं फळ्यावर काढायचो. मला वाटायचं कडक असल, गारगोटीसारखं. हे तर डुलून राहिलंय गं!"

त्या दिवसापासून ते त्या प्रवाळाचे झाले. एका रुपयाच्या नाण्याएवढं लावलेलं मऊ प्रवाळ त्यांच्या देखरेखीत पसरट थाळीएवढं झालं. मी येण्याच्या दिवशी ते पाण्याच्या मोजमापांची तोंडी उजळणी घेऊन तयार असत, आणि माझा आकडा वेगळा निघाला तर आधी माझं यंत्र तपासायला लावत.

मग ऐप्टेशिया आला. हा समुद्रफुलांतला चोर. तपकिरी, अर्धवट पारदर्शक, बारक्या ताडाच्या झाडासारखा. कुठल्या तरी दगडाला चिकटून येतो आणि शेजारच्या प्रवाळाला डंख मारून जागा बळकावतो. मला आधी दोन-तीन दिसले होते. मी सुईनं चुन्याचं पाणी टोचून मारले आणि पुढच्या खेपेला पुन्हा बघू म्हणून गेले. पुढच्या खेपेला सगळा दगड त्यांनी भरला होता. प्रवाळ आक्रसून मुठीएवढं झालेलं.

"गुरुजी, टाकीत हात घातला होता का?"

"हात न्हाई, चिमटा," गुरुजी अभिमानानं म्हणाले. "रोज पूजा झाली की खुरपून काढतो. गाजरगवत हाय ते. फुलायच्या आत उपटलं पाहिजे."

मी खुर्चीत बसलेच. आमच्याकडच्या माणसाला तण दिसलं की हात थांबत नाही, ते रक्तातच आहे. पण ऐप्टेशियाचा बारीकसा तुकडा जरी दगडाला राहिला तरी त्यातून नवा उगवतो. गुरुजींनी इमानानं रोज खुरपणी केली होती, आणि रोज पेरणी झाली होती.

मी ते सांगितलं. गुरुजींनी चिमटा धुतला, पुसला आणि कपाटात ठेवला.

तेवढ्यात सर वर्ग संपवून आले. टाकीकडं बघून म्हणाले, "मॅडम, बरं झालं तुम्ही भेटलात. दिवाळीच्या सुट्टीत हा हॉल रिकामा करायचाय. पोरांच्या शंका सोडवायला बॅच बसवायचीये, बाकड्यांची ऑर्डर दिली. टाकी तुम्ही घेऊन जा. तसंही आता बघण्यासारखं काय राहिलंय?"

"सर, दिवाळीपर्यंत वेळ द्या. साफ होईल."

"अन् न्हाई झाली तर?"

"तर मी स्वतः उचलून नेते."

गुरुजी मला सोडायला फाटकापर्यंत आले. चप्पल घालता घालता हळूच म्हणाले, "खरंच उपाय हाय का पोरी? का ह्या जुन्या मास्तरला बरं वाटावं म्हणून बोललीस?"

"एक मासा आहे गुरुजी. ऐप्टेशिया खातो."

"सगळेच खातात?"

"सगळेच नाही."

"हां. मग विद्यार्थ्यासारखंच हाय."

मी चेन्नईच्या व्यापाऱ्याला, मुरुगनभाईंना, फोन करून लांब तोंडाचा मासा पार्सलनं मागवला. आला तेव्हाच अंग मागून पिचकल्यासारखं होतं. माझ्या घरच्या वेगळ्या टाकीत ठेवला, हरतऱ्हेचं खाद्य दिलं. त्यानं एका कशाला तोंड लावलं नाही आणि तो गेला. तो पिशवीत घेऊन गुरुजींना सांगायला गेले तर ते म्हणाले, "हिकडं दे." त्यांनी तो जास्वंदीच्या कुंडीत पुरला. सर जिन्यावरून म्हणाले, "काय मॅडम, उचलायची का टाकी?" टोमणा होता, पण गमतीतला नव्हता.

त्या संध्याकाळी मायचा फोन आला. माझ्या आवाजावरून तिनं ओळखलं आणि सगळं काढून घेतलं.

"खाताना बघितलं व्हतं का त्याला?" तिनं विचारलं.

"कसं बघणार? पार्सलनं मागवला."

माय म्हणाली, "बैल कुणी पार्सलनं मागवतं का गं?"

फोन ठेवला आणि मला देवणीचा बाजार आठवला. भूकंपाच्या पुढच्या हंगामात आमच्याकडं एकच बैल उरला होता आणि जोड लावल्याशिवाय पेरणी होणार नव्हती. माय मला घेऊन देवणीला गेली. त्या बाजारात तीच एक बाई. जनावरांचे दलाल उपरण्याखाली हात धरून, बोटं दाबून भाव ठरवायचे. बाईचा हात कसा धरायचा म्हणून ते घुटमळले, तर माय म्हणाली, "बोटं ऱ्हाऊ द्या. तोंडानं बोला, समद्यांना ऐकू द्या." चांगला दांडगा, झूल घातलेला बैल सोडून ती अंगानं साध्या असलेल्या एका बैलापुढं बसली. घरून आणलेली कडब्याची पेंढी सोडली. गर्दी, धूळ, आरडाओरडा, आणि तो बैल खाली मान घालून खात होता. माय उठून त्याच्या भकाळीवरून, म्हणजे कुशीजवळच्या खळग्यावरून, हात फिरवून आली. "बाजारात खातंय त्ये घरी खाईलच," म्हणाली. तरी घरी आल्यावर तो बिचकला, दोन दिवस चाऱ्याला शिवेना. मग मायनं त्याला आमच्या जुन्या बैलाच्या अगदी लगत बांधला. जुना चवीनं खाणारा. त्याचं बघून नव्यानंही तोंड घातलं. आमच्याकडं सगळेच असं करतात. खाणाऱ्याशेजारी बांधायचं.

मी चेन्नईचं तिकीट काढलं.

मुरुगनभाईंचं दुकान म्हणजे छतापर्यंत टाक्या आणि गुडघ्यापर्यंत ओल. मी एक स्टूल मागितलं आणि लांब तोंडाच्या माशांच्या टाकीपुढं बसले.

"कौनसा पॅक करूँ मॅडम?"

"अभी नहीं. पहले खिलाओ."

त्यांनी खाद्य टाकलं. सगळ्यात मोठा, तेजस्वी पट्ट्यांचा मासा कोपऱ्यात तरंगत राहिला. त्याच्या डोक्यामागं अंग आत गेलेलं. माशाची भकाळीच ती. मी मान हलवली. भाईंनी दुसरा दाखवला, त्याच्या तोंडाचं टोक दुखावलेलं. तिसऱ्याचा श्वास जोरात. मुरुगनभाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेले, परत आले, मी तिथंच.

"मॅडम, ये मछली है, माडु नहीं!" ते वैतागून म्हणाले. माडु म्हणजे त्यांच्याकडं गुरंढोरं.

"हमारे यहाँ दोनों एक ही तरह से लेते हैं," मी म्हणाले.

खालच्या टाकीत एक होता. शेपटीचा काठ फाटलेला, रंग जरा फिका. त्या टाकीत बोटाएवढा हिरवट निळा क्रोमिस मासा होता, स्वस्तातला, हावरट. खाद्य पडलं की क्रोमिस धावायचा, आणि त्याच्यामागून हा फाटक्या शेपटीचा हळूच येऊन एक तुकडा टिपायचा. मी पुन्हा टाकायला लावलं. पुन्हा तसंच. मी उठून टाकीच्या सगळ्या बाजूंनी फिरून बघितलं. पाठ भरलेली, डोळे स्वच्छ, माझ्याबरोबर फिरणारे.

"ये दो. और साथ में वो छोटा भी."

"जोडी?" मुरुगनभाई पहिल्यांदा हसले. "शादी करा रही हो क्या?"

"नहीं भाई, खाना सिखाएगा."

ऑक्सिजनच्या पिशव्या, थर्माकोलचा डबा, तो मांडीवर. रेल्वेनं हैदराबाद, तिथून एसटीनं लातूर. उदगीरच्या पुढं कंडक्टरनं विचारलं, "डब्यात काय हाय बाई?" मासे म्हटल्यावर म्हणाला, "जिते हायेत? कोंबडीला अर्धं तिकीट घेतो आम्ही. माशाला काय घ्यावं?" मागच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या, "त्यो कुठं शीट अडवतोय बाबा, बस की गप." कंडक्टरनं सोडून दिलं.

घरच्या टाकीत दोघांना सोडलं. क्रोमिसनं आल्या आल्या खायला सुरुवात केली. लांब तोंडाचा दगडामागं उभा राहिला. मी मांजरा नदीतून आणवलेले शिंपले उघडून एक अर्धा आत ठेवला. क्रोमिस त्याला लचके तोडू लागला. दुसऱ्या दिवशी त्या शिंपल्यावर दोन तोंडं होती, एक आखूड आणि एक लांब. मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "पोळी करपून राहिली, सोड."

पुरेसे दिवस वेगळं ठेवून, रोग नाही याची खात्री करून जोडी गुरुजींच्या टाकीत गेली. गुरुजींनी खुर्ची मांडली. मासा शिंपला खायचा, अंग धरू लागला. पण ऐप्टेशियाच्या शेजारून असा जायचा की जणू तिथं काही नाहीच.

"तुझा चेपा पाहुणचार झोडून राहिलाय," गुरुजी म्हणाले. "काम कधी करणार?"

दिवाळी जवळ येत होती. रंगारी आले होते, हॉलच्या दोन भिंती रंगवूनही झाल्या होत्या. उपाशी ठेवून बघावं तर तो उपाशीच मरण्याची भीती. मी पुन्हा मायच्या गोठ्याकडं वळले. जनावराला नवा चारा लागायचा असला की त्यात ओळखीची पेंड कालवायची. मी उघडलेला शिंपला ऐप्टेशियाच्या दाट झुडपातच, मधोमध ठेवला. शिंपल्याचे सुटलेले तुकडे ऐप्टेशियांनी हातांत धरले. मासा ते तुकडे ओढायला आला. एक तुकडा ओढला. दुसरा ओढताना ऐप्टेशियाचा एक हातही बरोबर तुटून आला. मासा थांबला. तोंड हलवलं. परत वळून त्याच झाडाला चोच मारली.

"खाल्लं!" गुरुजी ओरडले. रंगाऱ्याच्या हातून ब्रश पडला. "खाल्लं गं, मुळासकट खाल्लं!"

शिंपला तसाच राहिला. त्या दुपारी त्यानं एकामागून एक झुडूप उपटायला घेतलं, आणि उपटून फेकलं नाही, गिळलं. गुरुजी काचेवर बोट ठेवून दाखवत होते, "हितं एक राहिलं. अरे, मागं बघ. हां, शाब्बास." मासा त्यांचं ऐकत होता असं मी म्हणत नाही. पण गुरुजींनी तसं मानलं तर माझी हरकत नव्हती.

पुढच्या आठवड्यांत मोठ्या दगडाची उजवी बाजू मोकळी झाली, मग वरची. मुठीएवढं आक्रसलेलं प्रवाळ एका सकाळी काठानं उलगडलं. गुरुजींनी मला फोन केला आणि नुसतं म्हणाले, "डुलून राहिलंय."

बाकड्यांचा टेम्पो आला त्या दिवशी मीही होते. ठरल्याप्रमाणे गेले होते, टाकी राहणार की जाणार ते ऐकायला. सर टेम्पोवाल्याला आत बोलावत हॉलमध्ये शिरले आणि टाकीपाशी थांबले. त्यांनी बऱ्याच दिवसांत तिच्याकडं बघितलं नव्हतं. पूर्ण थाळीएवढं उघडलेलं प्रवाळ, स्वच्छ दगड, आणि त्यावरून फटीत तोंड घालत फिरणारा तो मासा. शेपटी एव्हाना भरून आलेली. मागोमाग क्रोमिस.

"औषध टाकलं का मॅडम?"

"नाही सर. खाऊन टाकलं."

"सगळं?"

गुरुजी खुर्चीत ताठ बसून, निकालाच्या दिवशी वर्गावर बसावं तसे मुलाकडं बघत राहिले. सरांनी पायानं हॉल मोजल्यासारखा केला, दाराकडं गेले आणि ओरडले, "बाकडी निम्मीच उतरवा रे! निम्मी जुन्या वर्गात टाका."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "चहा टाका म्हणावं आत. पोरीनं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं न्हाई."

दिवाळीत माय माझ्याकडं आली तेव्हा तिला मुद्दाम गुरुजींकडं नेलं. ती टाकीपुढं वाकून बसली, त्या माशाला पुढून, मागून, बाजूनं बघितलं. रंगाबद्दल एक शब्द बोलली नाही. "पाठ भरलीय," म्हणाली. "लागी लागलं जनावर, रुळलं आता." गुरुजी म्हणाले, "बाई, तुमचा धडा आमच्या पुस्तकात पाहिजे व्हता." माय लाजली आणि पदर सारखा करत म्हणाली, "आमचं कसलं पुस्तक. बैल हाय त्यो."

या धंद्यात पुढं मी मोठ्या टाक्या लावल्या, दुर्मीळ मासे हाताळले. काही गमावलेही. त्या पहिल्या पार्सलच्या माशाचं अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी एकही फुलपाखरू मासा न बघता मागवलेला नाही, आणि एकटाही आणलेला नाही.

सुट्टी संपल्यावर मी पाणी तपासायला गेले तेव्हा शंकांची बॅच भरली होती. औसा, निलंगा, देगलूर, कुठून कुठून आलेली पोरं निम्म्या बाकड्यांवर दाटीवाटीनं बसली होती. सर अजून यायचे होते. टाकीशेजारच्या बाकड्यावरची एक मुलगी, वेण्यांना लाल रिबिनी, जीवशास्त्राच्या पुस्तकाचं पान उघडून टाकीकडं आणि पानाकडं आळीपाळीनं बघत होती.

"गुरुजी, हे प्रवाळ आम्हाला अभ्यासात आहे," ती म्हणाली. "पुस्तकात याचं चित्र आहे."

गुरुजी खुर्चीतून उठले. त्यांनी खिशाला हात लावला. मला वाटलं, जुन्या सवयीनं खडू शोधतायत. पण त्यांनी चष्मा काढला, तिच्या हातातलं पुस्तक अलगद मिटलं आणि बाकड्यावर ठेवलं.

"चित्रं मी उभी हयात काढली, बाळ," ते म्हणाले. "हिकडं ये. समदेच या. आज जितं बघू."